वायपरच्या दांड्यावरचे हरवलेले रबरी सील घरी कसे बसवावे

मोटारीच्या समोरच्या काचेच्या खालच्या कडेला, जेथे वायपरचा फिरता दांडा काऊल पॅनेलमधून, म्हणजे काच आणि बोनेट यांच्यामधल्या जाळीदार पट्टीतून, वर येतो, तेथे त्याच्याभोवती रबराची एक लहानशी टोपी बसवलेली असते. ती जागेवर असते तोवर तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही, आणि उन्हाने तडकून गळून पडली तरी वायपर पूर्वीसारखाच फिरत राहतो. त्यामुळे ती नाहीशी झाल्याचे बहुतेकांच्या ध्यानात येते ते चालकाशेजारी बसणाऱ्याच्या पायाखालचा गालिचा ओला लागल्यावर, किंवा ऐन पावसात वायपर काचेच्या मध्यावर अडून बसल्यावर. देशावरच्या एखाद्या कमी पावसाच्या गावात या रबरावाचून एखादे वर्ष निभावून जाईल. कोकण किनाऱ्यावर ते निभावत नाही. येथे रत्नागिरीसारख्या ठिकाणी पावसाळ्याच्या चार महिन्यांत सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तो वाऱ्यासह तिरका येतो, आणि उरलेले आठ महिने हवेतला खार लोखंडाला सोडत नाही. म्हणून हे काम रोहिणी नक्षत्र लागण्यापूर्वी, म्हणजे मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत, उरकून घ्यावे असे माझे स्पष्ट मत आहे. मृगाचा पाऊस सुरू झाल्यावर काऊल कोरडे मिळणे कठीण, आणि ओल्या जागेवर बसवलेले रबर आत ओल कोंडून ठेवते.

काम अवघड नाही. घरी पाने वापरण्याची थोडी सवय असलेल्या कोणालाही ते अर्ध्या दिवसात करता येते. त्यातला खरा कसाचा भाग एकच आहे, तो म्हणजे खाऱ्या हवेने दांड्यावर घट्ट धरलेला वायपरचा आर्म, म्हणजे काच पुसणारे ब्लेड धरणारा हात, काहीही न मोडता सोडवणे.

आधी रचना समजून घ्यावी

वायपरची मोटर काऊलच्या खाली असते. तिच्या फिरण्याचे रूपांतर पट्ट्यांच्या जोडणीतून, म्हणजे लिंकेजमधून, दोन दांड्यांच्या मागे-पुढे वळण्यात होते. प्रत्येक दांडा एका बुशमध्ये, म्हणजे त्याला सरळ धरणाऱ्या नळकांडीत, फिरतो आणि त्याचे वरचे टोक काऊलच्या भोकातून बाहेर डोकावते. या टोकाला किंचित निमुळता भाग आणि त्यावर बारीक उभे दाते असतात. त्यांच्यावर आर्मचे बूड बसते आणि वरून नट आवळलेला असतो. नटावर बहुधा प्लॅस्टिकचे टोपण असते.

पाणी अडवण्याची सोय साधारणपणे दोन ठिकाणी केलेली असते. आर्मच्या बुडाखाली, दांड्याला घट्ट वेढून बसणारी आणि खाली पसरट होणारी रबरी टोपी ही पहिली. शेतात लावणीच्या वेळी इरले जसे पाठीवरून पाणी निथळवते, तसे ती वरून आलेले पाणी दांड्यापासून दूर टाकते. दुसरी सोय तिच्या खाली असते: बुशच्या तोंडाशी एक बारीक ओ-रिंग (रबराचे गोल कडे), तिच्यावर पातळ वायसर आणि या दोहोंना जागेवर धरणारी सर्कलिप, म्हणजे खाचेत बसणारी स्प्रिंगसारखी कडी. काही गाड्यांत यांपैकी एकच असते, काहींत दोन्ही असतात, आणि काही गाड्यांत काऊलच्या भोकाच्या कडेलाच रबरी कॉलर बसवलेली असते. पत्र्याचे काऊल असलेल्या जुन्या गाड्यांत दांड्याच्या तळाशी पत्र्याला टेकून बसणारे जाड रबरी वायसरही आढळते. आपल्या गाडीत नेमके काय आहे हे पाहण्याचा सोपा मार्ग असा की, दोन्ही बाजूंचे दांडे एकमेकांशी ताडून पाहावेत. दोन्ही रबरे एकाच वेळी गळून पडणे तसे विरळ असते, त्यामुळे शाबूत बाजू हाच उत्तम नमुना ठरतो.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. काऊलमध्ये पाणी जाणे हा मुळात दोष नाही. जाळीतून पडणारे पाणी खालच्या पन्हळीत जमावे आणि दोन्ही टोकांच्या निचऱ्याच्या भोकांतून पुढच्या चाकांच्या मागे जमिनीवर पडावे, अशीच ती रचना आहे. दोष घडतो तो पाणी दांड्याला धरून थेट बुशमध्ये उतरते तेव्हा. ते आतले ग्रीस धुऊन काढते, सोबत खार आणि चिऱ्याच्या लाल मातीचा बारीक गाळ आत सोडते, आणि पाऊस उघडल्यावर तो गाळ वाळून दांडा गंजतो. गंजाने फुगलेला दांडा बुशमध्ये जड फिरू लागला की मोटरला अधिक वीज ओढावी लागते, वायपरची गती मंदावते आणि पुढे फ्यूज उडतो किंवा मोटरच जळते. ज्या गाड्यांत दांड्याच्या बरोबर खाली मोटर किंवा बाहेरची हवा आत घेणारे तोंड येते, तेथे हेच पाणी मोटरवर किंवा ब्लोअरमध्ये, म्हणजे केबिनमध्ये हवा ढकलणाऱ्या पंख्यात, ठिबकते.

गळती खरोखर येथूनच आहे का

गालिचा ओला आहे एवढ्यावरून या रबराला दोषी ठरवू नये. एसीच्या पाण्याची नळी तुंबली तरी डाव्या बाजूला पायाखाली पाणी साचते; मात्र ते पाऊस नसतानाही, एसी चालवल्यानंतर दिसते. इंजिन थंड ठेवणारे पाणी हीटरमधून गळत असेल तर त्याला गोडसर वास आणि बोटाला चिकटपणा असतो. काचेच्या कडेचा चिकटा सुटला असेल तर ओल डॅशबोर्डच्या वरच्या कोपऱ्यातून किंवा बाजूच्या खांबावरून उतरलेली दिसते. आणि निचऱ्याची भोके पाल्यापाचोळ्याने बुजली असतील तर काऊलची पन्हळ भरून पाणी ब्लोअरच्या तोंडातून आत येते. सुरूच्या किंवा आंब्याच्या झाडाखाली गाडी उभी राहत असेल तर ही शक्यता सर्वांत आधी तपासावी.

खात्री करून घेण्याची रीत अशी. गाडी सपाट जागी उभी करावी, डॅशबोर्डखाली दोन्ही बाजूंना कोरडी वर्तमानपत्रे पसरावीत आणि तांब्याने थोडे थोडे पाणी केवळ एका दांड्याच्या बुडाशी, सावकाश सोडावे. काचेवर किंवा जाळीवर पाणी ओतू नये, नाहीतर कशातून काय आले ते कळणार नाही. दहा मिनिटे थांबून कागद पाहावेत, मग दुसऱ्या दांड्याला हीच परीक्षा लावावी. कागद कोरडे राहिले तरी रबर नसल्यास ते बसवावेच. कारण पाणी केबिनमध्ये आले नाही याचा अर्थ ते बुशमध्ये गेले नाही असा होत नाही. दांड्याभोवती काऊलवर तांबूस ओघळ दिसत असेल, किंवा आर्म हाताने हलवताना बुडाशी किरकिर ऐकू येत असेल, तर आत गंज धरला आहे असे समजावे.

रबर कोणते घ्यावे

पहिला प्रयत्न कंपनीच्या अधिकृत सुट्या भागांच्या दुकानात करावा आणि तेथे गाडीचे नाव सांगण्याऐवजी सतरा अक्षरांचा चेसिस नंबर द्यावा, कारण एकाच नावाच्या गाडीत मधल्या वर्षी लिंकेज बदललेले असू शकते. अनेकदा असे उत्तर मिळते की हे रबर सुटे येत नाही, संपूर्ण लिंकेजच घ्यावे लागेल. लिंकेज शाबूत असताना एवढ्यासाठी ते बदलणे मला पटत नाही. अशा वेळी शाबूत बाजूचे रबर, किंवा ते काढता येत नसेल तर मापे घेऊन, तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावातले रबरी माल विकणारे दुकान गाठावे. तेथे न मिळाल्यास कोल्हापूर, पनवेल किंवा मुंबईहून मागवावे लागते, म्हणून चार-आठ दिवस हाताशी ठेवूनच सुरुवात करावी.

मापे व्हर्नियर कॅलिपरने घ्यावीत; पट्टीने घेतलेले माप येथे पुरेसे अचूक नसते. तीन मापे लागतात: रबर जेथे बसते तेथे दांड्याची जाडी, काऊलच्या भोकाचा व्यास, आणि आर्म बसवल्यावर त्याच्या बुडापासून काऊलपर्यंत उरणारे अंतर. टोपीचे भोक दांड्यापेक्षा साधारण अर्धा ते एक मिलिमीटर लहान असावे, म्हणजे ती ताणून बसते आणि दांड्याबरोबर फिरते. उंची मात्र मोकळी हवी. टोपी आर्म आणि काऊल यांच्यामध्ये दाबली गेली तर वायपर जड फिरेल आणि पहिल्याच पावसात रबर घासून फाटेल.

रबराच्या जातीकडेही लक्ष द्यावे. बाहेर, उन्हापावसात राहणाऱ्या भागासाठी ईपीडीएम रबर योग्य ठरते, कारण ऊन आणि हवेतला ओझोन यांना ते चांगले तोंड देते. मात्र खनिज तेलाने ते फुगते व मऊ पडते. नायट्राइल रबराचे नेमके उलट आहे: तेलाला ते दाद देत नाही, पण उघड्यावर लवकर तडकते. म्हणून वरची टोपी ईपीडीएमची घ्यावी. आतली, झाकलेली ओ-रिंग नायट्राइलची असली तरी चालते. दोन्हींना सिलिकॉन ग्रीस सोसते, त्यामुळे या कामात रबराजवळ दुसरे ग्रीस वापरूच नये.

काहीजण ही कटकट टाळण्यासाठी दांड्याभोवती सिलिकॉन सीलंटची नळी पिळतात किंवा एपॉक्सीची पुट्टी भरतात. हे करू नये, हे मी आग्रहाने सांगतो. दांडा फिरता आहे. त्याला चिकटलेला घट्ट पदार्थ पहिल्या काही फेऱ्यांत फाटतो आणि त्या फटीत पाणी अडकून राहते, किंवा तो फाटलाच नाही तर मोटरवर ताण आणतो. शिवाय व्हिनेगरसारखा आंबूस वास येणारे सिलिकॉन सुकताना अॅसिटिक आम्ल सोडते, आणि आधीच खाराने पोळलेल्या धातूला ते आणखी खाते.

साहित्य

नटाच्या मापाचा गोटी पाना लागेल. तो बहुधा १० ते १५ मिलिमीटरच्या दरम्यानचा असतो. त्याशिवाय बॅटरीचे टर्मिनल काढण्यासाठी वापरतात तसा दोन पायांचा लहान पुलर (घट्ट बसलेला भाग ओढून काढणारे हत्यार), गंज सोडवणारे पातळ तेल, सर्कलिप असल्यास तिचा चिमटा, पितळी तारांचा ब्रश, जुना दात घासण्याचा ब्रश, ४०० नंबरचा पॉलिश पेपर, सिलिकॉन ग्रीस, रंगाऱ्यांची कागदी चिकटपट्टी, सेलोटेप आणि एक जाड टॉवेल एवढे जवळ घ्यावे. यांत पुलर सर्वांत महत्त्वाचा आहे. तो नसेल तर शेजारच्या गॅरेजमधून तासाभरासाठी मागून आणावा, पण त्याच्याशिवाय घट्ट बसलेल्या आर्मला हात घालू नये.

आर्म सोडवणे

वायपर एकदा चालवून बंद करावा, म्हणजे तो आपल्या विसाव्याच्या जागी येऊन थांबेल. मग किल्ली काढून बॅटरीचे ऋण टर्मिनल सोडावे, कारण हात लिंकेजजवळ असताना कोणी चुकून वायपर सुरू केला तर बोटे चेंगरतात. ब्लेड काचेवर जेथे टेकले आहे तेथे त्याच्या कडेला समांतर अशी कागदी चिकटपट्टी काचेवर चिकटवावी. ही खूण पुढे आर्म अचूक कोनात बसवण्यासाठी लागते. दोन्ही आर्म काढणार असाल तर प्रत्येकाच्या आतल्या बाजूस कोणत्या बाजूचा तो आहे हे लिहून ठेवावे. दोघांची लांबी व वाक सारखे नसतात.

काचेवर टॉवेल चौघडी करून पसरावा. हा खटाटोप अनावश्यक वाटू शकतो, पण आर्मच्या स्प्रिंगचा जोर मोठा असतो आणि हातातून निसटलेला लोखंडी आर्म काचेवर आपटला तर काच तडकते. ज्या गाड्यांत आर्म बोनेटच्या कडेखाली लपलेले असतात, त्यांत ते आधी उभ्या स्थितीत आणण्याची पद्धत गाडीच्या पुस्तिकेत दिलेली असते. ती वाचूनच पुढे जावे.

आता नटावरचे टोपण उचकटून काढावे. किनाऱ्यालगत वावरलेल्या गाडीत टोपण काढताच बहुधा एक गोष्ट दिसते: नटाच्या भोवती आणि आर्मच्या बुडाच्या फटीत पांढरी, किंचित दाणेदार पूड भरलेली असते. ते मीठ नव्हे. आर्मचे बूड पुष्कळदा ओतीव अॅल्युमिनियमचे आणि दांडा पोलादाचा असतो. हे दोन धातू खाऱ्या ओलीने एकमेकांशी जोडले गेले की अॅल्युमिनियम झिजते आणि त्याचीच ही पूड होते. ती दात्यांमध्ये ठासून बसते, आणि आर्म हाताने न निघण्याचे खरे कारण तीच आहे. पितळी ब्रशने ती शक्य तितकी काढून टाकावी, सांध्यावर गंज सोडवणारे तेल सोडावे आणि निदान अर्धा तास, फारच जुने प्रकरण असेल तर रात्रभर, तसेच राहू द्यावे.

नट सैल करावा, पण पूर्ण काढू नये. तो दांड्याच्या टोकाशी समपातळीत येईपर्यंत फिरवून ठेवल्यास पुलरच्या दाबाने आटे चेपत नाहीत. मग आर्म काचेपासून उचललेल्या स्थितीत धरून बुडाशी हलकेच डावीकडे-उजवीकडे हलवून पाहावा. निघाला तर उत्तम. न निघाल्यास पुलरचे दोन पाय बुडाखाली बसवावेत, मधला स्क्रू दांड्याच्या मध्यावर टेकवावा आणि सावकाश, पाव-पाव फेरा देत आवळावा. प्रत्येक पाव फेऱ्यानंतर क्षणभर थांबावे. सांधा सुटताना टक असा स्पष्ट आवाज येतो.

एवढ्यानेही तो दाद देत नसेल तर एक उपाय चांगला लागू पडतो. अॅल्युमिनियम उष्णतेने पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते, म्हणून किटलीतले कढत पाणी बारीक धारेने फक्त आर्मच्या बुडावर ओतावे आणि लगेच पुलरला पाव फेरा द्यावा. पाणी काचेवर जाणार नाही याची टॉवेलने काळजी घ्यावी, आणि काचेला आधीच तडा असेल तर हा उपाय टाळावा. ज्योत किंवा गरम हवेची बंदूक येथे नको. आजूबाजूला सगळे प्लॅस्टिक आहे. दांड्याच्या टोकावर हातोडी मारणे तर कटाक्षाने टाळावे, कारण तो घाव खालच्या सर्कलिपवर आणि लिंकेजच्या गोळीवर, म्हणजे पट्ट्यांच्या गोल सांध्यावर, जातो. काऊलवर पेचकस टेकवून आर्म उचकटण्याचा मोहही आवरावा. काऊलचे प्लॅस्टिक उन्हाने कडक झालेले असते आणि ते एका झटक्यात फुटते.

काऊल काढावे की नाही

केवळ वरची टोपी गेली असेल तर काऊल न काढताही काम होते. तरीही, आर्म निघालेच आहेत तर काऊल उचलून आत पाहून घ्यावे असा माझा सल्ला आहे. बोनेट उघडून काऊलच्या पुढच्या कडेवरची रबरी पट्टी ओढून काढावी, प्लॅस्टिकच्या क्लिपांची मधली खुंटी आधी वर उचलून मग पूर्ण क्लिप काढावी, आणि काच धुण्याच्या पाण्याची नळी काऊलला जोडलेली असल्यास ती सोडावी. क्लिपा जुन्या गाडीत हमखास मोडतात, म्हणून दोन-चार नव्या आधीच आणून ठेवलेल्या बऱ्या.

आत सुरूच्या काड्या, मोहोराचा चिकट चुरा, लाल माती असा बराच ऐवज सापडतो. तो हाताने उचलून काढावा. पाण्याने लोटून दिला तर निचऱ्याच्या भोकात जाऊन बसतो. भोकांच्या तोंडाशी काही गाड्यांत चपटी रबरी चोच असते, तिच्यात अडकलेला गाळ बोटाने चोळून मोकळा करावा. मग तांब्याभर पाणी ओतून ते दोन्ही बाजूंनी चाकामागे खळखळून पडते का ते पाहावे. हे झाल्यावर सगळा भाग उन्हात पूर्ण वाळू द्यावा.

नवे रबर बसवणे

दांड्याचा उघडा भाग आणि दाते दात घासण्याच्या ब्रशने स्वच्छ करावेत. गंजाचा थर असल्यास पॉलिश पेपरने दांड्याभोवती गोल फिरवत हलक्या हाताने उतरवावा; उभे ओरखडे ओढू नयेत, कारण त्या ओरखड्यांच्या वाटेनेच पाणी खाली उतरते. ओ-रिंग बदलायची असेल तर सर्कलिप चिमट्याने काढताना दुसऱ्या हाताने तिच्यावर फडके धरावे, नाहीतर ती उडून जाते. सर्कलिप निघाली की दांडा खाली सरकू शकतो, म्हणून त्याला खालून आधार द्यावा. वायसर व जुनी ओ-रिंग कोणत्या क्रमाने निघाली ते ध्यानात ठेवावे. बुशच्या तोंडाशी सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर देऊन, आर्म नसलेला दांडा हाताने थोडा मागे-पुढे वळवून पाहावा. तो मोकळा पण डगडग न करता फिरायला हवा. येथे आडवा खेळ मोठा जाणवला तर बुश झिजले आहे, आणि मग मात्र लिंकेज बदलण्याला पर्याय नाही. नवे रबर डगमगत्या दांड्यावर टिकत नाही.

रबर बसवण्यापूर्वी दात्यांवर सेलोटेपचे एक-दोन वेढे घट्ट गुंडाळावेत. दात्यांच्या कडा धारदार असतात, आणि ताणलेले रबर त्यांच्यावरून नुसते सरकवले तर आतल्या ओठाला डोळ्यांना न दिसणारी चीर पडते. टोपी कडक वाटत असेल तर काही मिनिटे गरम पाण्यात बुडवून पुसून घ्यावी. आतल्या कडेला सिलिकॉन ग्रीसचे बोट फिरवावे, पसरट बाजू खाली ठेवून ती दांड्यावरून वळवत-वळवत सरकवावी, आणि कड कोठेही आत दुमडलेली नाही हे बोटाने सगळीकडून चाचपून पाहावे. नंतर टेप काढावी. आर्म न काढता बसवता यावी म्हणून टोपीला उभी चीर देण्याची युक्ती काहीजण सुचवतात, परंतु चिरलेली टोपी पाणी अडवत नाही. तिचा काहीही उपयोग नाही.

काऊल, क्लिपा व पाण्याची नळी परत बसवून बॅटरी जोडावी आणि आर्म बसवण्यापूर्वी वायपर एकदा सुरू करून बंद करावा. यामुळे दांडे नक्की विसाव्याच्या स्थितीत येतात. ही एक पायरी गाळल्यास आर्म भलत्याच कोनात बसतो आणि पहिल्या फेरीत काचेच्या चौकटीवर आदळतो. आता आर्म चिकटपट्टीच्या खुणेशी ब्लेड जुळेल असा दात्यांवर ठेवावा. दाते कोरडे व स्वच्छ असावेत. तेथे ग्रीस लावू नये, कारण आर्म धरून ठेवण्याचे काम त्या सुक्या पकडीचेच आहे. पुस्तिकेत नटासाठी ठराविक जोर दिला असल्यास टॉर्क पाना वापरावा, नसल्यास लहान दांडीच्या पान्याने मनगटाच्या जोराने आवळावे. नट आवळून झाल्यावर मात्र त्याच्यावर ग्रीसचा जाडसर थर देऊन टोपण दाबून बसवावे. त्यामुळे खार आत जात नाही आणि पुढच्या वेळी आर्म सहज निघतो.

तपासणी

काच ओली करून वायपर आधी मंद आणि मग वेगवान गतीवर चालवावा. कोरड्या काचेवर ही चाचणी घेऊ नये. ब्लेड वर चौकटीला आणि खाली काऊलच्या कडेला लागत नाही, टोपी दांड्याबरोबर फिरते पण काऊलवर घासत नाही, आणि गती पूर्वीपेक्षा मंद झालेली नाही, या तीन गोष्टी पाहाव्यात. त्यानंतर तांब्या आणि वर्तमानपत्राची आधीची परीक्षा पुन्हा घ्यावी.

रबर मिळायच्या आधीच पाऊस लागला तर तात्पुरती सोय म्हणून सायकलच्या ट्यूबची रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडी मोठी गोल चकती कापावी, तिच्या मध्यभागी दांड्यापेक्षा लहान भोक पाडावे, आणि दांड्याभोवती सिलिकॉन ग्रीसचे जाड कडे करून त्याच्यावर ती चकती आर्मखाली बसवावी. काही आठवडे ती वरून येणारे पाणी बऱ्यापैकी बाहेर टाकते. हीच सोय कायमची समजून गणपतीला मुंबईहून निघालेल्या गाड्यांच्या रांगेत, राष्ट्रीय महामार्ग ६६ वर ट्रकमागून उडणाऱ्या चिखलात, तिच्या भरवशावर मात्र राहू नये. तसेच आर्म काढून ठेवलेली गाडी थोड्या अंतरासाठीही पावसात बाहेर नेऊ नये. चालू स्थितीतला वायपर असणे केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०१ नुसार बंधनकारक आहे, आणि घाटात काच धुरकटली तर चार पावलांपुढचे दिसत नाही.

पुढची देखभाल थोडकी आहे. समुद्राकाठी फेरी झाली की गोड्या पाण्याने काऊल आणि आर्मची बुडे धुवावीत. पाण्याची जोरदार फवारणी करणारा पंप मात्र दांड्यावर रोखू नये, त्याचा दाब कोणतेही रबर उचलून आत शिरतो. नवा बसवलेला नट पहिल्या काही दिवसांत किंचित सैल पडतो, म्हणून आठवडाभर गाडी वापरल्यावर टोपण काढून तो एकदा पुन्हा आवळून घ्यावा.